टोकियोत हरवू नये म्हणून

११ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. नीट, रोज, कंटाळा न करता.

कारण गंभीर आहे. सकाळी मुलाचा, सम्यकचा, टोकियोहून फोन आलेला. सुनेचं, प्रियांकाचं, बीपी वाढलंय, पायांवर सूज आहे, डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. बाळाची तारीख मार्चअखेरची. तिथे ते दोघंच. स्वयंपाकापासून सगळं सम्यक करतोय, वर ऑफिस. प्रियांकाच्या आईचं, आवडाबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. त्या शहाडला घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. म्हणजे उरलो आम्ही. सम्यक म्हणाला, आई, तुम्ही दोघं लवकर येऊ शकाल का.

मंजुळा लगेच हो म्हणून मोकळी झाली. व्हिसा कसा काढतात हेही न विचारता. मग मी फोन घेतला आणि सून-मुलाला सांगितलं, येणार, पण पद्धतशीर येणार.

मी डोंबिवली एमआयडीसीतून डिस्पॅच सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. कुठला माल कुठे, कोणत्या गाडीने, कोणत्या गेटातून, हे माझ्या डोक्यात आपोआप बसतं. टोकियो म्हणजे शेवटी एक मोठा पत्ता. प्रश्न मंजुळाचा आहे. बालवाडीत शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. ठाण्याची ही आमची कोपरी सोडून जग पाहिलेलं नाही. विमानात मीही बसलेलो नाही, पण मी व्हिडिओ पाहिलेत.

संकल्प: मंजुळाची भीती घालवणे. तिने अजून बोलून दाखवलेली नाही, पण असणार.

१३ जानेवारी, मंगळवार

अभ्यास जोरात. टोकियोत रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, आपला कचरा पिशवीत घालून घरी न्यायचा. ट्रेनमध्ये फोनवर बोलायचं नाही. हॉटेलात टिप ठेवायची नाही, ठेवली तर वेटर ती परत द्यायला मागून धावत येतो. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांची. घरात चपला नाहीत, पण संडासात वेगळ्या चपला.

एवढं ज्ञान एकट्याने बाळगणं बरोबर नाही. बिल्डिंगच्या ग्रुपवर ‘पहिल्यांदा टोकियोला जाणाऱ्यांसाठी’ अशी मालिका सुरू केली. सध्या बिल्डिंगमधून आमच्याशिवाय कोणी जाणारं नाही, पण पुढे जातील. दोन अंगठे आले.

तिसऱ्या मजल्यावरची मृणाल घोडबंदर रोडला एका आयटी कंपनीत आहे. गेल्या वर्षी कामासाठी टोकियोला जाऊन आलेली. तिने लिहिलं, काका, दोघांच्याही फोनला तिथे चालणारं सिम इथूनच घेऊन ठेवा. आणि स्टेशनचं नाव लक्षात राहत नाही, प्रत्येक स्टेशनला नंबर असतो, तो बघा.

धन्यवाद दिले. मुलगी चांगली आहे, पण ती कंपनीच्या गाडीतून फिरलेली. अभ्यास ही वेगळी गोष्ट आहे. सिमची गरज नाही. माझं रोमिंग उतरल्यावर आपोआप सुरू होतं. आणि टीमला कंट्रोल रूम एकच असावी.

१८ जानेवारी, रविवार

मंजुळाला सरकत्या जिन्याची प्रॅक्टिस द्यायला घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये नेलेलं. पहिल्या पायरीवर तिचा तोल जाईल म्हणून मी तिचा दंड धरला. बराच घट्ट धरावा लागला. ती म्हणाली, अहो, सोडा जरा, हात बधिर झाला माझा.

टोकियोच्या नियमाने डावीकडे उभे राहिलो. मागे एक कुटुंब सगळा जिना अडवून उभं. मी त्या गृहस्थांना नम्रपणे सांगितलं की उजवी बाजू मोकळी ठेवावी. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, का, कोण येतंय? आपल्याकडे सुधारणा व्हायला वेळ लागेल.

परतताना बसमध्ये शांततेची प्रॅक्टिस. ट्रॅफिक इतका की बस हलत नव्हती, त्यामुळे प्रॅक्टिस भरपूर झाली. मध्येच सम्यकचा फोन वाजला. नियमाप्रमाणे उचलला नाही. मग त्याने मंजुळाला लावला. तिने उचलला. प्रियांकाच्या लघवीतून प्रोटीन जातंय. आणखी वाढलं तर ॲडमिट करणार, गरज पडली तर बाळ लवकर काढणार. मंजुळा सगळ्या बसला ऐकू जाईल अशी बोलत होती. मी खुणेने आवाज कमी करायला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सम्यकने पाठवलेले कागद गेल्या आठवड्यातच आलेत. निमंत्रणपत्र, त्याच्या पगाराचे दाखले, सगळं. व्हिसासाठी तिथे कोणत्या दिवशी काय करणार याचा तक्ता लागतो. सम्यकने त्याचाही नमुना भरून पाठवलाय, पण तो फारच साधा आहे. रोज ‘घरी’, ‘घरी’, ‘हॉस्पिटल’, ‘घरी’. मी नवा करायला घेतलाय. त्यात पावसाळी पर्यायाचा वेगळा रकाना आहे.

मंजुळा उठता बसता विचारते, फाईल कधी देणार. सम्यकलाही सांगितलं की फायनल स्टेजला आहे. मी वेळ काढतोय असं कोणी समजू नये. एकदा दिलेली फाईल परत दुरुस्त करता येत नाही.

दुपारी एक विचार आला. फेब्रुवारीत तिथे कडक थंडी. त्यापेक्षा एप्रिलमध्ये गेलो तर हवा छान, झाडांना फुलं, आणि बाळही जरा मोठं झालेलं. मंजुळाला सुचवलं. ती कणीक मळत होती. हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. विषय तिथेच संपला.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज मी दाढीला गेलेलो तेवढ्यात मंजुळा फाईल घेऊन मुंबईला गेली. सोबत मृणाल, तिने हाफ डे टाकलेला. कागद दिले, बोटांचे ठसे नकोत म्हणाले, पावती घेतली, आल्या. माझा तक्ता टेबलावरच राहिला. सम्यकचा ‘घरी, घरी’वाला दिला म्हणे.

आल्यावर मंजुळाने कुकर लावला. एक मात्र खरं, फाईल मी इतकी व्यवस्थित लावून ठेवलेली की मंजुळालासुद्धा ती देता आली. याला सिस्टिम म्हणतात.

रात्री जेवण अर्धं टाकून उठलो. भाजी बिघडलेली असावी. मंजुळाने तीच खाल्ली, तिला काही झालं नाही. तिची प्रकृती पहिल्यापासून चांगली.

२६ जानेवारी, सोमवार

शहाडला गेलेलो, आवडाबाईंना भेटायला. जय भीम झालं, चहा झाला. त्यांनी डिंकाचे लाडू बांधून ठेवलेले. काठी टेकत स्वतः डबा आणून दिला. मग मंजुळाच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, माझी पोर सुईलासुद्धा घाबरते हो ताई. तिला आत नेतील तेव्हा तिच्याजवळ आपलं माणूस हवं.

मंजुळाचे डोळे भरले. अशा वेळी पुरुषाने सावरायचं असतं. मी म्हटलं, आवडाबाई, तिला आत नेतील तेव्हा आम्ही दाराशी असू. हे माझ्यावर सोडा. आवडाबाईंनी माझ्यापुढे हात जोडले.

परतीच्या वाटेवर मंजुळा म्हणाली, शब्द दिलात, बरं केलंत. आता पाळायला लागेल. असं का म्हणाली कळलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

व्हिसा आला. दोघांचाही. पाकीट उघडल्यावर मला खुर्चीत बसावं लागलं. आनंदाने. सम्यकने नऊ तारखेचं तिकीट काढलं, संध्याकाळी मुंबईहून निघून सकाळी टोकियोच्या नारिता विमानतळावर. तो घ्यायला येणार आहे.

तरी दुसरा प्लॅन तयार हवा. नारिताहून थेट ट्रेन निहोनबाशीला, तिथे गाडी बदलून निशी-कासाई. तिथे सम्यकचं घर आणि जवळच हॉस्पिटल. कासाई हे नाव ऐकून मंजुळा हसली. मी म्हटलं, हसण्यासारखं काही नाही, परदेशात नाव नीट पाठ पाहिजे. कासाई, कासाई, कासाई.

जपानी अक्षरांचाही अभ्यास केला. सगळी शक्य नाहीत, पण मी युक्ती काढली. ‘निहोन’ म्हणजे जपान. ते दोन अक्षरांत लिहितात. पहिलं बंद खिडकीसारखं, दुसरं झाडासारखं. निहोनबाशीची सुरुवात याच दोन अक्षरांनी. म्हणजे खिडकी-झाड दिसलं की उतरायचं. इंग्रजी पाट्या शोधत बसायची गरजच नाही. ही टिप ग्रुपवर टाकली. मृणालने लिहिलं, काका, स्टेशनचा नंबर. या मुलीचं नंबरवरच अडलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रियांकाला ॲडमिट केलं. डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सम्यकचा आवाज एवढा लहान झालेला की मला वाटलं लाइन खराब आहे. त्याने विचारलं, बाबा, तुम्ही नक्की येताय ना. मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

मंजुळाने संध्याकाळपर्यंत सगळं भरलं. बाळाचे कपडे, लाडू, तिखटाची पुडी, माझी स्वेटरं, माझं जाड जॅकेट. मी बाजूला बसून सूचना दिल्या. मध्येच मी म्हटलं, घाबरू नकोस. ती म्हणाली, मी घाबरले नाही, मला काळजी वाटतेय, दोन्हींत फरक आहे.

घाबरलेली माणसं असंच बोलतात.

९ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

निघायची वेळ. वंदना घेतली. बिल्डिंगमधले सगळे खाली आलेले. कोणीतरी म्हणालं, काका, तिथून लाइव्ह टिप्स टाका. टाकणार. मृणालने मंजुळाच्या फोनमध्ये ते जपानचं सिम घालून दिलं आणि मला म्हणाली, काका, तुमचा द्या, तुमच्यासाठीपण आणलंय. मी म्हटलं, माझं रोमिंग आहे. तिने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळाने मान हलवली. दोघींचं काय चाललंय कळत नाही.

त्याच दिवशी, विमानात

उडताना मंजुळा फार घाबरली. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि तिला धीर यावा म्हणून डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती खिडकीतून खालचे दिवे बघत होती. म्हणाली, बघा तरी, किती सुंदर. मी म्हटलं, आधी तू शांत हो.

१० फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ, नारिता

उतरलो. बाहेर उणे नसलं तरी हाडं गोठवणारी थंडी. रोमिंग सुरू झालेलं नाही. होईल.

मंजुळाच्या फोनवर मात्र मेसेजमागून मेसेज. प्रियांकाचं बीपी पहाटे खूप वाढलं. डॉक्टर आजच ऑपरेशन करून बाळ काढणार, दुपारच्या आत. सम्यकला हॉस्पिटल सोडता येत नाही. त्याच्या ऑफिसातला दिपेश आम्हाला घ्यायला निघालाय. तुम्ही बाहेरच्या गेटपाशी थांबा, हलू नका, असं सम्यकने लिहिलंय. शेवटच्या मेसेजमध्ये एवढंच होतं: आई, ती तुला विचारतेय.

मंजुळा म्हणाली, दिपेशला यायला वेळ आहे, पण थांबू. मी विचार केला. आवडाबाईंना शब्द दिलाय. मार्ग तयार आहे. थांबून काय मिळणार. मंजुळाने माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे ना. मी म्हटलं, मंजुळा, माझ्या हातून आजवर एकही माल चुकीच्या गेटला गेलेला नाही.

ती क्षणभर त्या शेवटच्या मेसेजकडे बघत राहिली. मग म्हणाली, चला.

त्याच दिवशी, ट्रेनमध्ये

सगळं प्लॅनप्रमाणे. तिकीट काढताना मशीनने थोडा त्रास दिला, मग मंजुळाने एका बाईला खुणेने विचारलं. ट्रेनमध्ये एवढी शांतता की मंजुळाच्या बांगड्या वाजल्या तर लोक बघतात. ग्रुपसाठी खिडकीतून व्हिडिओ घेतले. हिटर जोरात म्हणून जॅकेट काढून मंजुळाच्या बॅगेवर ठेवलं. फोनची बॅटरी संपत आली. हरकत नाही, आता लागणार नाही.

मंजुळा सारखी दारावरची इंग्रजी पट्टी वाचतेय. तिला म्हटलं, आराम कर, मी बघतोय.

त्याच दिवशी, दुपार, पोलीस चौकी

हे शांतपणे लिहितोय. परिस्थिती नियंत्रणात आहे.

ट्रेन एका स्टेशनात थांबली आणि मला समोरच्या भिंतीवर स्वच्छ दिसलं, खिडकी-झाड. मी म्हटलं, उतर. आधी आपण उतरून जागा धरावी म्हणून मी पुढे झालो. मंजुळा बॅगा घेऊन उठली आणि मागून म्हणाली, अहो, हे नाही, थांबा. मी वळलो तोवर दार बंद झालं. काचेमागे मंजुळा. तिने एक हात वर केला, थांबा म्हणून. ट्रेन गेली.

मग भिंतीकडे नीट पाहिलं. ती स्टेशनची पाटी नव्हती, विम्याची जाहिरात होती. बाजूच्या पेपरच्या स्टॉलवर खिडकी-झाड. पाण्याच्या मशीनवर खिडकी-झाड. देशाचंच नाव आहे ते, ते काय, कुठेही असणार. ही गोष्ट त्या व्हिडिओवाल्यांनी सांगायला हवी होती.

फोन बंद पडलेला. जॅकेट मंजुळाकडे. मंजुळा एकटी, भाषा येत नाही, चार बॅगा. तिच्या काळजीने मला राहवेना. मी गणवेशातल्या माणसाकडे पळत गेलो, गेलेल्या ट्रेनकडे बोट केलं आणि तिला कुठे जायचंय ते सांगितलं. कासाई. त्याला कळेना म्हणून मोठ्याने सांगितलं. कासाई, कासाई. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने कमरेच्या यंत्रावर काहीतरी ओरडून सांगितलं आणि पळाला. आणखी दोघं पळत आले. स्पीकरवर घोषणा सुरू झाली. मला वाटलं, एका बाईसाठी केवढी ही धावपळ, काय देश आहे.

नंतर पोलिसांनी इथे आणलं. खोली लहान, पण ऊब आहे. एक वयस्क पोलीस, एक तरुण. त्यांनी चहा दिला, हिरवा, बिनसाखरेचा. माझ्या अंगावर जॅकेट नाही म्हणून तरुणाने त्याची स्वतःची शाल का काय ती माझ्या पाठीवर टाकली. मग टॅबलेटमध्ये तो बोलला आणि टॅबलेटमधून हिंदीत बाई बोलली: आपने आग कहाँ देखी?

मी म्हटलं, कसली आग. बराच वेळ टॅबलेट इकडून तिकडे फिरला. शेवटी वयस्क पोलिसाने कागदावर ज्वाळा काढून दाखवल्या आणि खाली बोट ठेवून म्हणाला, कासाई.

त्यांच्या भाषेत आगीलाही कासाई म्हणतात. म्हणजे मंजुळाची ट्रेन पुढच्या स्टेशनात थांबवून, सगळे डबे तपासून, मग सोडलेली.

त्यांनी मुलाचा नंबर विचारला. तो फोनमध्ये. हॉस्पिटलचं नाव विचारलं. ते मंजुळाच्या फोनमध्ये. मला पाठ होता तो डोंबिवलीच्या कंपनीचा पत्ता, प्लॉट नंबरसकट. तो त्यांनी लिहून घेतला. कंट्रोल रूम मंजुळाच्या पर्समध्ये बसून निघून गेलेली, याला मी काय करणार.

मग फोन वाजला. वयस्क पोलिसाने ऐकलं, माझ्या स्वेटरकडे पाहिलं, हो हो करत मान हलवली आणि फोन मला दिला. सम्यक. म्हणाला, बाबा, तुम्ही ठीक आहात ना. मी म्हटलं, मी ठीक आहे, पण तुझी आई हरवलीय. तू घाबरू नकोस, पोलीस शोधतायत.

 तो म्हणाला, बाबा, आई इथे आहे. प्रियांकाला आत नेताना तिचा हात आईच्या हातात होता.

दिपेश घ्यायला येतोय. मी चौकीत थांबलोय. हललेलो नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी झाली. दोन किलोही नाही. काचेच्या पेटीत ठेवलीय, नाकाला नळी. प्रियांकाचं बीपी अजून खाली आलेलं नाही, तिलाही वेगळ्या खोलीत ठेवलंय. मी अजून दोघींपैकी कोणालाच पाहिलेलं नाही. काल दिपेशने मला थेट घरी आणून सोडलं. बिचारा आधी नारितापर्यंत जाऊन, आम्हाला तिथे शोधून, मग माझ्याकडे आलेला. वाटेत मी त्याला टोकियोतल्या कचऱ्याच्या नियमांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, हो काका, मी सात वर्षं इथेच राहतो.

सम्यक आंघोळीला घरी आलेला. मंजुळाने केलेला वरणभात उभ्या उभ्या खाल्ला. खाता खाता म्हणाला, ऑपरेशन चालू असताना डॉक्टर बाहेर आलेले. बाळाला श्वास घेता येत नाही म्हणून सांगायला. तेव्हा मी पोलिसांशी फोनवर बोलत होतो. त्यांना तुमच्या स्वेटरचा रंग सांगत होतो.

आवाज चढवला नाही त्याने. मी म्हटलं, पोलिसांनी एवढे फोन करायला नको होते. त्याने ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि गेला.

आवडाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. रडत होत्या, हसतही होत्या. मला म्हणाल्या, दादा, तुम्ही शब्द पाळलात, माझी पोर एकटी नव्हती. मंजुळा बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, हो, आम्ही होतो ना. मी फोन मंजुळाच्या हातात दिला. नेटवर्क बरोबर नव्हतं.

मंजुळाने मग सांगितलं की तिची ट्रेन मध्येच थांबवलेली, माणसं लाल नळकांडी घेऊन डब्यात आलेली, सीटखाली वाकून बघत होती. शेजारच्या म्हातारीने तिला आल्याची गोळी दिली. पुढे तिने निहोनबाशीला एका कॉलेजच्या मुलीला फोनवर लिहून ठेवलेला स्टेशनचा नंबर दाखवला, त्या मुलीने गाडीत बसवून दिलं. म्हणाली, काय झालं असेल हो त्या ट्रेनला? मी म्हटलं, टेक्निकल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मंजुळा सकाळीच बसने हॉस्पिटलला गेली. एकटी. मी घर सांभाळलं. परक्या शहरात घर बंद ठेवून चालत नाही.

दुपारी दूध आणायला खाली उतरायचं ठरवलं. दुकान समोरच आहे, खिडकीतून दिसतं. बूट घातले. लिफ्टपर्यंत गेलो. लिफ्टमधून बाई काहीतरी बोलली, रेकॉर्ड केलेली असावी. परत आलो. दुधाची तशी निकड नव्हती.

ग्रुपवर सगळे विचारतायत, काका, टिप्स कुठे? मोठा मजकूर लिहिला. वाचून पाहिला. पुसला. मग लिहिलं, ‘इथे थंडी आहे.’ बरेच अंगठे आले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

प्रियांकाचं बीपी उतरलं. बाळाची नळी काढली, स्वतःचा श्वास स्वतः घेते. मंजुळा म्हणाली, आज तुम्ही यायचंच. मी म्हटलं, घराचं काय. ती म्हणाली, घर राहील.

तिने माझं जॅकेट आणलं, चेन गळ्यापर्यंत लावली. दाराशी थांबून म्हणाली, माझा हात धरा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, आणि एवढी काय भीती वाटते तुला? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, वाटते हो. फार वाटते. धरा.

मग धरला. बसमध्येही धरून ठेवला. तिला बरं वाटत असणार.

प्रियांका उशीला टेकून बसलेली, डोळ्यांखाली काळं झालेलं. मला बघून म्हणाली, बाबा, आलात. मी म्हटलं, हो, जरा उशीर झाला. ती म्हणाली, असू दे. मग मी खिडकीचा पडदा नीट लावला, थंडी आत येत होती.

बाळ काचेतून पाहिलं. आत फक्त आई-बापाला सोडतात. सम्यकने पेटीच्या भोकातून बोट आत घातलं, तिने ते पकडलं. एवढीशी मूठ, पण सोडेना. सम्यकने काचेतून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं. मी हात हलवला. त्यानेही मोकळा होता तो हात हलवला. फोटो काढायचा राहून गेला.

येताना बस घरापासून थोडी अलीकडेच सोडली. मंजुळाला चालायचं होतं. कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो. तिने विचारलं, आता कुठल्या बाजूला हो? मी चारी बाजूंना नीट पाहिलं, विचार केला आणि सांगितलं, डावीकडे.

ती बरं म्हणाली, माझा हात तसाच धरून उजवीकडे वळली. थोडं पुढे गेल्यावर घर आलं.